थोरल्याला मूठ, धाकट्याला शेंडा

माझ्या साडूच्या गळाला मासे लागतात आणि माझ्या लागत नाहीत, एवढंच असतं तर मी त्याच्यावर इतकी वर्षं जळलो नसतो. मासे काय, बाजारातही मिळतात. माझं पोट दुखतं ते सासऱ्यांवरून.

सासरे रेल्वेतून निवृत्त झाले आणि वाणगावलाच राहिले. गळ टाकायचा नाद त्यांना तरुणपणापासून. रविवारी सकाळची गाडी पकडून डहाणूला उतरायचं आणि धाकटी डहाणू या गावाच्या खाडीवर जाऊन बसायचं, हा नेम. मुलगा नाही, दोन मुली. थोरली माझ्याशी लग्न करून तलासरीला आली, धाकटीला डहाणूत दिलं. म्हणजे खाडी कोणाच्या वाट्याला जाणार हे लग्नातच ठरून गेलं. साडू बँकेत नोकरीला, घर स्टेशनाजवळ. सासरे गाडीतून उतरले की आधी त्याच्याकडे चहा, मग त्याच्याच स्कूटरवर मागे बसून खाडी, दुपारी त्याच्याकडेच जेवण आणि वर तिथेच एक झोप. मी तालुक्याच्या कचेरीत वर्षानुवर्षं लोकांचे अर्ज मार्गी लावले, पण सासऱ्यांना एक रविवार तलासरीकडे वळवणं काही मला जमलं नाही.

प्रयत्न कमी केले नाहीत. आमच्याकडे खाडी नाही, पण कुर्झ्याचं धरण आहे. मी मोबाइलवर व्हिडिओ बघून गळ बांधायला शिकलो. फायबरचा एक चकचकीत रॉड मागवला. सासऱ्यांना म्हटलं, "बाबा, एकदा धरणावर या. शांत जागा आहे, सावली आहे, मी गाडी घेऊन येतो न्यायला."

"येऊ की एकदा," ते म्हणायचे. "पण तुम्ही कशाला त्रास घेता?"

हे 'तुम्ही' मला टोचायचं. थोरला जावई म्हणून मला कायम 'तुम्ही', जेवताना पहिलं पान, बसायला आतली चांगली खुर्ची. आणि धाकट्याला सरळ 'तू'. "अरे, ती कोलंबी नीट लाव," "गाढवा, गळाची तंगूस गुंतवलीस ना पुन्हा!" मला उभ्या आयुष्यात कोणी गाढव म्हटलेलं नाही, आणि वाणगावच्या ओटीवर बसून खाडीवरचे हे किस्से ऐकताना माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. त्या साडूला शिवी मिळते आणि मला सुपारी, हा कुठला न्याय?

बरं, माणूस म्हणून तो वाईटही नाही. वाईट असता तर सोयीचं झालं असतं.

वेताच्या काठीची गोष्टही सासऱ्यांनी मला सांगितलेली नाही. जेवताना साडूला सांगत होते, मी मध्ये बसलो होतो. तरुणपणी ते खाडीवर हाताने दोरा टाकून बसायचे, तेव्हा चिकूच्या वाडीतले एक शेठ संध्याकाळी तिथे यायचे. त्यांच्याकडे विलायती बनावटीची, गळ टाकायची वेताची काठी होती. दोन तुकड्यांची, मध्ये पितळेचा सांधा. शेठ ती जोडायचे, एकदा हवेत फिरवायचे, आणि ती अशी वाकायची की सासरे स्वतःचा दोरा विसरून बघत बसायचे. "हात लावू का, असं विचारायचं मनात यायचं," सासरे म्हणाले. "पण तोंडातून शब्द फुटला नाही बघ कधी." साडू हसला आणि त्याने ताटातला मासा उलटा केला. माझा घास मात्र हातातच राहिला.

त्यानंतर काही महिन्यांनी मला ती काठी दिसली. तीच, असं म्हणत नाही; तशी. अच्छाडच्या पुढे हायवेला धाब्यांच्या रांगेत एक पत्र्याची शेड आहे. जुन्या बंगल्यांतलं सामान घेऊन, घासूनपुसून, पॉलिश करून विकतात. फार्महाउसवाले लोक गाडी थांबवून झुंबरं, आरामखुर्च्या उचलतात. मी तिथे आरसा बघायला गेलो होतो. आरशामागे भिंतीला कापडी पिशवीत काहीतरी टेकवलेलं होतं.

दुकानदाराने पिशवीची नाडी सोडली. "हात लावून जुवो साहेब. आ वस्तू आता बनतच नाय. शेठलोकांच्या बंगल्यातून आली, मोडून पडली होती. आम्ही पूर्ण नवी केली."

म्हणायला वेताची, पण खरं तर ती बांबूच्या तासलेल्या पट्ट्या एकमेकींना चिकटवून केलेली असते. इतकी बेमालूम की बोट फिरवल्यावरच कडा लागतात. मधासारखा रंग. दोरा जायच्या कड्या जिथे बसवल्यात तिथे लाल रेशमी दोऱ्याची घट्ट गुंडाळी, त्यावर व्हार्निश. मुठीला बूच, जुन्या हातांनी काळपटलेलं. ते त्याने तसंच ठेवलं होतं, एवढी अक्कल त्याला होती. दोन्ही तुकडे सांध्यात बसवले तेव्हा बाटलीचं बूच निघावं तसा छोटासा आवाज झाला. मी ती हलवली. हातातलं हलकं कंपन शेंड्यापर्यंत गेलं आणि परत आलं.

मला त्या क्षणी मासे आठवले नाहीत. मला सासरे दिसले, कुर्झ्याच्या धरणावर माझ्या शेजारी बसलेले.

घरी बायकोला सांगितलं. ती म्हणाली, "खाडी तिकडे, काठी इकडे. आणि तुम्हाला मासा सोडवताना काटा लागतो, मग दोन दिवस बोट धरून बसता." बायकोशी या विषयावर बोलण्यात अर्थ नव्हता. ती त्यांचीच मुलगी, तिला बाप आयता मिळालेला. मी वाणगावला फोन लावला आणि म्हटलं, "बाबा, शेठच्या काठीसारखी काठी सापडलीय. बघायला येता?"

 पलीकडून आवाज आला, "कधी येताय न्यायला?"

तो दिवस माझा होता. एवढ्या वर्षांत सबंध माझा असा तो एकच. मी गाडी घेऊन गेलो, ते पुढच्या सीटवर बसले, हायवेला लागेपर्यंत मला खाडीच्या भरती-ओहोटीबद्दल सांगत राहिले. शेडमध्ये त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला, काठी जोडली, बाहेर मोकळ्यावर जाऊन एकदाच फिरवली. शेजारच्या धाब्यावरचे ट्रकवाले बघायला लागले. सासरे हसले. दात पडलेल्या जागा दिसतील इतकं मोकळं हसले. मी पाकीट काढलं तर त्यांनी माझं मनगट धरलं.

"थांबा. पुढे धोंड्याचा महिना आहे. जावयाला वाण द्यायचंच आहे. हेच द्यायचं."

जावयाला. एकवचन मी स्वतः ऐकलं. मी मनात मांडे खायला सुरुवात केली. धाब्यावर आम्ही शेवभाजी खाल्ली, त्यांनी ताक मागवलं, काठी पूर्ण वेळ त्यांच्या मांडीवर आडवी. वाणगावला सोडताना ती त्यांच्याच घरी ठेवली, कारण वाण हे रीतसर मिळायला हवं. परत येताना मी गाडीत एकटाच गाणी म्हणत होतो. साडूचा चेहरा डोळ्यांसमोर आणून बघत होतो, आणि मला तो फार आवडत होता.

अधिक महिन्यात दोघा जावयांना वाणगावला जेवायला बोलावलं. बाहेर पाऊस कोसळत होता, आत पुरणाचे धोंडे तळत होते. सासूबाईंनी पाट मांडले, रांगोळ्या काढल्या, दोन ताटांत तेहतीस-तेहतीस अनारसे रचले, वर दिवे. सासूबाई अतिशय न्यायी बाई आहेत. एका मुलीला साडी घेतली तर दुसरीला त्याच दुकानातून, त्याच किमतीची, फक्त रंग वेगळा. एका जावयाच्या ताटात जिलबीचे दोन वेढे जास्त पडले तर उचलून सारखे करतील. या न्यायाचं आम्ही सगळे कौतुक करायचो.

सासरे मागच्या पडवीत छत्री झटकत होते. ते आत यायच्या आत सासूबाईंनी आम्हाला ओवाळलं, ताट माझ्या हातात दिलं, आणि ताटावर आडवी ठेवलेली एक काठी. बुचाच्या मुठीची. जाड. लाल रेशमाने बांधलेली, वर हळदकुंकू. मी मान वर केली तर साडूच्या हातातही ताट होतं आणि त्यावर एक काठी. बारीक. शेंड्याची. तिलाही हळदकुंकू.

"हे काय?" सासरे दारात उभे होते.

"वाण," सासूबाई म्हणाल्या. "पिशवीत दोन निघाल्या. जावई दोन. थोरल्यांना जाड, धाकट्यांना बारीक."

"अगं, ती एकच काठी आहे!"

"एक कशी? मी मोजून दिल्या."

"जोडायची असते ती! एकात एक घालून!"

"मग आधी सांगायचं होतं. आता ओवाळून दिलंय. दिलेलं वाण परत घ्यायचं नसतं, जावयांच्या हातून तर मुळीच नाही."

धाकटी मेहुणी हसत सुटली, तिच्यामागे माझी बायको, मग साडू. तो तर इतका हसला की त्याच्या ताटातला दिवा विझला आणि पुन्हा लावावा लागला. सासरेही शेवटी हसले, पण त्यांची नजर एकदा माझ्या हातावर आणि एकदा त्याच्या हातावर जात होती. तेव्हा कुठे कळलं, त्यांच्या मनात काय होतं ते. "मी दोघांना मिळूनच देणार होतो," ते म्हणाले. "म्हटलं, तिघे जाऊ. असो. पाऊस सरला की आपापली अर्धी घेऊन खाडीवर या. तिथे जोडू."

दोघांना मिळून! त्या मनगट धरण्यात, त्या ताकात, त्या एकवचनात साडू पहिल्यापासून बसलेलाच होता तर. जेवताना मी ताटातला धोंडा नुसता कुस्करत राहिलो. हसण्यात मीही सामील झालो, माझं हसू सगळ्यांत मोठं होतं.

साडू निघताना म्हणाला, "दादा, मूठ तुमच्याकडे आली, म्हणजे मालक तुम्ही. दिवाळीनंतर या खाडीवर, मजा करू."

मालक मी, हे मला पटलं. मुठीशिवाय काठी कोण धरणार? त्याच्याकडे काय होतं? एक शेंडा. टोमॅटोच्या रोपाला आधार द्यायलाही कमी पडेल असा. माझा हिशोब साधा होता: खाडीवर गेलो तर काठी जोडली जाईल, सासरे एकदा टाकतील, आणि मग "अरे, तू बघ टाकून" म्हणून ती त्याच्या हातात जाईल. त्याला मासा लागेल, कारण त्याला लागतोच. मी मूठ घेऊन जायची आणि मासा त्याने धरायचा, इतक्या मोठ्या मनाचा मी नाही. त्यापेक्षा त्याने शेंडा घेऊन यावं. तलासरीला. सासऱ्यांना घेऊन. धरणावर जोडू.

पाऊस सरला. सासऱ्यांचा फोन आला, "येताय ना रविवारी?" मी म्हटलं, "बाबा, तुम्हीच या इकडे, दोघेही. काठीची सुरुवात धरणावर करू, गोडं पाणी, पितळेला चांगलं." पितळेचं मला काही माहीत नव्हतं, सुचलं ते बोललो. ते म्हणाले, "बघू." पुढच्या रविवारीही फोन आला. मग त्याच्या पुढच्या रविवारी आला नाही.

मूठ मी पुढच्या खोलीत भिंतीवर लावली. दोन खुंट्या मारून, आडवी. येणारा जाणारा विचारायचा, "हे काय, हॉकी?" मग मी ती काढून दाखवायचो, बांबूच्या पट्ट्या, रेशीम, बूच, सगळं. ऐकणारा म्हणायचा, "आणि पुढचा भाग?" मी म्हणायचो, "तो माझ्या साडूकडे आहे, आणायचाय." किती वेळा म्हणालो असेन. बायको आतून मुद्दाम भांडी आपटायची. दर महिन्याला मी मऊ फडक्याने ती पुसायचो आणि पुसून झाल्यावर, घरात कोणी नसेल तर, एकदा फिरवून बघायचो. अर्धी काठी फिरवली की काहीच होत नाही. बडगा फिरवल्यासारखं वाटतं.

सोमवारची सकाळ साडूच्या मोबाइल स्टेटसने सुरू व्हायची. बोई. शिंगाळा. एकदा टोपलीभर काळुंदर. फोटोत मासे आणि मासे धरलेला हात, बाकी काही नाही. हात कधी त्याचा, कधी सासऱ्यांचा. सासऱ्यांचा मी अंगठीवरून ओळखायचो. मी ते फोटो दोन बोटांनी मोठे करून कडेला काठी दिसते का बघायचो. दिसायची नाही. मला बरं वाटायचं. हाताने दोरा टाकत असतील, पूर्वीसारखे. म्हणजे काठीवाचून अडलं आहे. येतील. कधीतरी म्हणतील, चल, थोरल्याकडे जाऊ.

असं एक वर्ष गेलं, आणखी एक पावसाळा गेला. मग एका सोमवारी जिताडा आला. सासऱ्यांनी दोन्ही हातांनी छातीशी धरलेला, लहान मूल धरावं तसा. खाली साडूने लिहिलं होतं: 'बाबांचा आजवरचा सगळ्यात मोठा.' मी तो फोटो बघितला आणि त्या दिवशी कचेरीत दोघांवर उगाच खेकसलो. जिताड्याचं दुःख नव्हतं. ते तोंडभर हसत होते आणि ते हसू मी आधी फक्त अच्छाडला पाहिलं होतं, माझ्यासाठी म्हणून जपून ठेवलं होतं.

रात्रीपर्यंत मी मनाशी ठरवलं. आपणच जायचं. हार म्हणून नाही, मोठेपणा म्हणून. अचानक मूठ काढून पुढे करायची. सासऱ्यांना काय वाटेल! इतक्या दिवसांची अर्धी काठी पुरी होणार, आणि ती पुरी करणारा मी. साडूने नुसते मासे दिले, मी शेठची काठी देणार. भिंतीवरून ती काढली, फडक्याने पुसली आणि एका नाडीच्या पिशवीत घातली.

रविवारी बोर्डीवरून किनाऱ्याच्या रस्त्याने गेलो. कोणाला सांगितलं नाही. धाकटी डहाणूत गाडी लावली, बोंबील सुकत टांगलेल्या बांबूच्या वलांड्यांमधून खाडीच्या काठाला आलो. ओहोटी संपून पाणी चढायला लागलं होतं. दोघे एका होडीच्या सावलीत खाली चिखलावरच गोणपाट टाकून बसले होते, माझ्याकडे पाठ करून. सासऱ्यांच्या हातात काठी होती.

लांब, अख्खी काठी. पुढे मधाच्या रंगाचा शेंडा, लाल रेशीम उन्हात चमकत होतं. आणि मागे बांबू. कुंपणाला लावतात तसला साधा, गाठीगाठींचा. शेंड्याचं मागचं टोक त्याच्या पोकळीत बसवून वरून जुन्या जाळ्याच्या दोऱ्याने आवळून बांधलं होतं. धरायच्या जागी सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळलेली. ती पट्टी झिजून गुळगुळीत झाली होती. एका दिवसात तशी होत नाही.

"अरे वा! दादा!" साडूने वळून बघितलं आणि खरोखरच्या आनंदाने उठला. "आणि मूठ आणलीत! बाबा, मूठ आली बघा!"

सासरे म्हणाले, "या, या. अहो, आधी कळवायचं तरी."

साडूने तंगूस गुंडाळली, बांधलेला दोरा सोडला, बांबू बाजूला ठेवला. मी पिशवीची नाडी सोडून मूठ पुढे केली. सांधा बसला, तो बुचासारखा आवाज झाला, आणि काठी सासऱ्यांच्या हातात पुरी उभी राहिली.  त्यांनी बुचावर अंगठा फिरवला, उठून उभे राहिले, गळ टाकला. छान गेला. लांब गेला. ते थोडा वेळ पाण्याकडे बघत राहिले, मग मूठ एका हातातून दुसऱ्या हातात घेतली, मनगट चोळलं, आणि हळूच दोरा ओढून घेतला.

"सुरेख आहे," ते मला म्हणाले. "पण आता हाताला तो बांबूच बसलाय हो. वजन त्याचं माहीत झालंय." मग साडूला, "अरे, लाव रे तो परत. पाणी चढतंय, वेळ घालवू नकोस."

साडूने माझ्याकडे बघितलं. त्या नजरेत कीव होती, आणि ती मी त्याला कधी माफ करणार नाही. त्याने सांधा सोडवला, मूठ शर्टाच्या टोकाने पुसून माझ्या पिशवीत घातली, नाडी बांधून दिली, आणि बांबूला दोरा आवळायला बसला. सासरे त्याला बोटाने गाठ कुठे मारायची ते दाखवत होते. "गाढवा, खालून घे," म्हणाले.

मी पिशवी घेऊन उभाच होतो. सासऱ्यांच्या ते लक्षात आलं.

"ती तुमच्याकडेच असू द्या," ते म्हणाले. "तुमच्या भिंतीवर शोभते म्हणे, मुलगी सांगत होती." आणि मग त्यांनी काठावरच्या घराकडे बघून हाक मारली, "अहो, एक खुर्ची द्या जरा. आमचे मोठे जावई आलेत, त्यांना चिखलात कुठे बसवू?"

निळी प्लास्टिकची खुर्ची आली. कोणीतरी ती फडक्याने पुसली, माझ्यासाठी कोरड्या जागी मांडली, त्या दोघांच्या बरीच मागे. मी बसलो. मूठ मांडीवर आडवी घेतली. तिथून मला पाणी दिसत नव्हतं, दोन पाठी दिसत होत्या.